शनिवारचा लाडीक फोन

प्रश्न : मुलगा पुण्यात हॉस्टेलवर असतो. एरवी फोनवर हं-हं करून ठेवून देतो. शनिवारी रात्री मात्र “आई, तुझ्यासारखी तूच” म्हणून अर्धा तास लाडात बोलतो. बोलण्यावरून संगणक नशा ओळखतो असं वाचलं. रेकॉर्ड करून पाठवू का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, रेकॉर्डिंग नको. पण तुमचा कान तिखट आहे हे खरं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2014 सालचा एक प्रयोग नेमका याच लाडाबद्दलचा. आधी एक्स्टसी (नशेची एक गोळी) घेतलेल्या 13 जणांना वेगवेगळ्या दिवशी एमडीएमए (म्हणजे एक्स्टसीच), मेथाम्फेटामिन (दुसरं एक नशेचं द्रव्य) किंवा खोटी गोळी दिली आणि जवळच्या माणसाबद्दल बोलायला लावलं. संगणकाने आवाज नाही, शब्द तपासले : मैत्री, आधार, जवळीक या अर्थांपाशी ते किती घुटमळतात? एमडीएमएच्या मोठ्या मात्रेवर जास्त घुटमळले. ही मात्रा आणि खोटी गोळी यांतला फरक 88 टक्के अचूक ओळखता आला. मोठी आणि छोटी मात्रा वेगळी करताना मात्र यंत्राचा छापा-काटाच!

शिवाय तिथे गोळी मोजून दिलेली, माणसं तेरा. तुमच्या लेकाच्या फोनला ते माप कसं लावणार? माझ्या दवाखान्यात असा लाड प्रेमभंगानेही येतो, नापास झाल्यानेही. झोप, पैसे, वजन यांत काही बदललंय का, ते बघा. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने डबा घेऊन जा. आधी कळवू नका.