लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर : तुमचे प्रश्न

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्या पत्रांत उबुंटू नाहीतर मिंट (हे लिनक्सचेच प्रकार) टाकलेल्या जुन्या मशीनच फार, आणि तक्रार एकच : स्क्रीन काळी. म्हणून आज फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर.

प्रश्न : एएमडीचं रेडिऑन कार्ड आहे. लिनक्सचा ड्रायव्हर कुठून उतरवू? (नंदुरबार)

कुठूनही नको. तो कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतो. इंटेलचंही तसंच.

प्रश्न : दुकानदार एनव्हिडिया ड्रायव्हरच्या 'लिनक्स लायसन्स'चे आठशे रुपये मागतोय. देऊ का? (शहादा)

देऊ नका, ड्रायव्हर फुकट आहे. टाकून द्यायची मजुरी मागितली असती तर ती त्याच्या हक्काची होती. लायसन्सच्या नावाने पैसे घेणं ही फसवणूक आहे.

प्रश्न : व्हिडिओ बघून एनव्हिडियाच्या साइटवरची 'रन' फाइल (ड्रायव्हर टाकणारी) चालवली. अडीच महिने झकास चाललं. परवा अपडेट झालं आणि 'स्क्रीन काळीकुट्ट व्हई गई, भाऊ'. फॉरमॅट मारू का? (चाळीसगाव)

फॉरमॅट अजिबात मारू नका. ह्या एका फाइलपायी किती जणांचा डेटा गेलेला मी पाहिलाय! म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक भाग, मॉड्यूल, कर्नलला जोडलेला असतो आणि तो त्याच कर्नलसाठी बनलेला लागतो. कर्नल बदलला की मॉड्यूलही नवं लागतं. उबुंटूच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातून ड्रायव्हर घेतला तर नव्या कर्नलबरोबर तयार मॉड्यूल येतं, नाहीतर डीकेएमएस नावाची सोय ते तिथल्या तिथे बनवते. 'रन' फाइल ह्या सगळ्याला वळसा घालून आत शिरते. टाकताना डीकेएमएसला 'हो' म्हटलं नसेल, तर नवा कर्नल येतो आणि मॉड्यूल जुन्याचंच राहतं. शिवाय ती फाइल नूवो हा लिनक्सबरोबर आधीपासून येणारा ड्रायव्हर बंद करून ठेवते. म्हणजे नवा चालत नाही आणि जुना बंद. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. व्हिडिओवाला तीन मिनिटांत टाकून दाखवतो, पण पुढच्या अपडेटला काय होतं ते दाखवायला तो थांबत नाही.

आता करायचं ते असं. मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. यादी आली की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप दिसला की पहिलं काम म्हणजे कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. मग ती 'रन' फाइल अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा आणि उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या. मिंटवर त्यालाच 'ड्रायव्हर मॅनेजर' म्हणतात. आधीचा कर्नलही उघडला नाही तर तिथेच थांबा. कार्डाचा नेमका मॉडेल नंबर लिहून घ्या आणि लिनक्स येणाऱ्या माणसाकडे जा. अंदाजाने कमांड मारत बसू नका.

प्रश्न : ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला निळा पडदा आला. घाबरून 'कंटिन्यू' दाबलं. ड्रायव्हर चालत नाही. मित्र म्हणतो, सिक्युअर बूट बंद कर. (अमळनेर)

तो पडदा बिघाडाचा नव्हता. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असताना ड्रायव्हरच्या सहीची किल्ली तिथे मंजूर करावी लागते. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, मागेल तो पासवर्ड कागदावर लिहा. निळा पडदा आला की लगेच कळ दाबा, तो फार वेळ थांबत नाही. 'एनरोल एमओके' निवडा आणि तोच पासवर्ड द्या. मित्राचं ऐकून सिक्युअर बूटला हात लावू नका. त्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर ते रिकव्हरी की मागून बसेल. ती जवळ नसेल तर आधी जाणकाराला विचारा.

प्रश्न : एनव्हिडियाच्या जीटी ७१० कार्डावर नवा ड्रायव्हर बसत नाही. (पाचोरा)

बसणारच नाही. त्या कार्डाला ४७० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात आणि ती मालिका कंपनीने २०२४मध्ये थांबवली. टायपिंग आणि ब्राउझरला नूवो पुरतो. नवं कार्ड घ्यायच्या आधी पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते दाखवून घ्या.

प्रश्न : जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन मे महिन्यात दुपारी अडकायचं, आता पुन्हा तेच सुरू झालंय. तीनदा ड्रायव्हर बदलला. (धरणगाव)

सकाळी नीट चालतं आणि दुपारी अडकतं, म्हणजे आधी उष्णता तपासा. चौथ्यांदा ड्रायव्हर बदलू नका. टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवलं की कार्डाचं तापमान दिसतं. सकाळचा आणि दुपारचा आकडा लिहून ठेवा. गेल्या उन्हाळ्यात असंच एक मशीन उघडलं होतं. कार्डाच्या पंख्यामागे सरकीचा बारीक तूस दाबून बसला होता, चिमटीत धरला तर नमद्यासारखा अख्खा निघून आला. बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्यातून हवा जाणार कुठून? मशीन बंद करा, प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. साफ करूनही पंखा फिरत नसेल तर मशीन सुरू करू नका, हार्डवेअरवाल्याला दाखवा, आणि आजच दाखवा.