घरसामान हलवताना दर कसा ठरतो?

प्रश्न : बदलीमुळे भुसावळहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचे आहे. तीन पॅकर्स-मूव्हर्सनी सांगितलेल्या रकमांत मोठी तफावत आहे. असे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : लांब पल्ल्याच्या कामात दर मुख्यतः अंतर आणि सामानाने गाडीत व्यापलेली जागा यांवर ठरतो, त्यामुळे वजनाने हलकी पण ऐसपैस गादी पुस्तकांच्या जड खोक्यापेक्षाही महाग पडू शकते. स्वतंत्र गाडी घेतली की पूर्ण गाडीचे भाडे आपल्यावर येते, तर इतरांच्या सामानाबरोबर पाठवल्यास खर्च कमी होतो, पण पोहोचायला जास्त दिवस लागतात आणि वाटेत चढ-उतार वाढते. त्याखेरीज पॅकिंग, हमाली, टोल, विमा आणि जीएसटी असतात, आणि तुमच्या तीन रकमांतील फरक बहुधा इथेच दडलेला असावा, कारण एकाने हे सारे धरलेले असते आणि दुसऱ्याने केवळ भाडे सांगितलेले असते.

म्हणून फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. माणसाला घरी बोलावून माळ्यावरचे पितळी हंडेसुद्धा दाखवा, पुण्यातील मजला, लिफ्ट आणि गाडी दारापर्यंत येते का हे आधीच सांगा, आणि 'सर्व खर्चासह' असे लेखी दरपत्रक घ्या. आगाऊ रक्कम थोडीच द्या. बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो त्या पावतीवर, वस्तूंची यादी हवीच. नुकसान झाल्यास, २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार, दावा लावण्यापूर्वी आणि बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते.