सी की पायथन ते नंतर बघ, आधी क्लासची लॅब बघ

भाऊ, प्रोग्रॅमिंग शिकायला आधी सी घेऊ की पायथन, असं विचारलंस. तू चोपड्याचा, बारावी झालेला, आणि जळगावचा क्लासवाला तुला 'सी, सी++, जावा' असं पॅकेज एकरकमी फी घेऊन गळ्यात मारतोय. हे वाचून जुनी सणक पुन्हा उठली. मीही अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते. नाव घेत नाही.

आत गेलो तर निळी स्क्रीन. टर्बो सी++, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा), नव्या विंडोजवर डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबलेला. फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम लिहिला. 7 टाकलं की 5040, बरोबर. 8 टाकलं की उणे 25216! सरांना विचारलं, तर म्हणे, "परीक्षेला 5 चंच येतं, पुढे चल." अरे, त्या कंपायलरचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, 16 बिटांची, 32767 च्या वर मावत नाही, म्हणून 40320 उलटून उणे होतो. एवढं सांगितलं असतं तर पोरं सीच्या प्रेमात पडली असती. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम टाकला, तर पहिल्याच ओळीला 'कोनिओ डॉट एच' ही डॉसच्या काळातली फाइल सापडेना. फी परत मागितली. सेंटर म्हणे हेड ऑफिसला अर्ज करा, हेड ऑफिस म्हणे सेंटरला विचारा. सर्टिफिकेटला सोनेरी बॉर्डर मात्र झकास होती.

म्हणून पैसे मोजण्याआधी अर्धा तास लॅबमध्ये बसू द्या म्हण. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिर.

भाषेचं म्हणशील तर माझं मत पायथन. आणि पायथन 3 च. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, तरी प्रिंटला कंस नसलेल्या, म्हणजे पायथन 2 च्याच, झेरॉक्स नोट्स अजून फिरतात. घरची केळी असेल तर पहिला प्रोग्रॅम पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) कर: वजन गुणिले भाव, वजा हमाली. वडिलांकडून कागदावर आकडा ताडून घे, चूक लगेच सापडते. व्हेरिएबलला 'वजन', 'भाव' अशी देवनागरी नावं दिली तरी चालतं, नोकरीत मात्र तसं करू नकोस.

कॉलेजात सी सक्तीचं असेल तर सीच धर, पण जीसीसीवर, फुकट आहे. लॅबमध्ये प्रोग्रॅमची सुरुवात जुन्या पद्धतीने 'व्हॉइड मेन' अशी मागतील तर तिथे तसं लिही, घरी मात्र प्रमाण पद्धतीचं 'इंट मेन'. वेबसाइटच करायच्या असतील तर थेट जावास्क्रिप्ट. मी एम्बेडेडवाला (यंत्रांतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणारा) नाही, तिकडची माणसं सी आधी म्हणतात, त्यांचं ऐक. जावा नंतर कधीही येते.

लॅपटॉपसाठी थांबू नकोस. अँड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड हे पायथनचं ॲप चालतं. फक्त ओटीजीने (मोबाईलला यूएसबी जोडायच्या पिनने) साधा कीबोर्ड जोड, कारण पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा चुकली की प्रोग्रॅम अडतो, आणि टचस्क्रीनवर ती हमखास चुकते.