काढता-घालता येणारा बॅकरेस्ट आणि साडीगार्डचा प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० आहे. एरवी ती कार्यालयात जाण्यापुरतीच वापरतो. परंतु वर्षातून दोन-तीनदा मी व पत्नी आंबेनळी घाटाने पोलादपूरमार्गे कोकणात उतरतो. तेवढ्यापुरते बॅकरेस्ट आणि सॅडलबॅगा बसवाव्यात, परतल्यावर काढून ठेवाव्यात, असा विचार आहे. डावीकडचा साडीगार्ड मात्र काढावा लागेल, असे दुकानदार म्हणतात. तसे करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साडीगार्ड काढून चाक उघडे ठेवू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. सॅडलबॅग हे ते संरक्षण नव्हे. ती आपण परतल्यावर काढणारच आहात आणि पदर किंवा ओढणी चाकात जाते ती अशाच एखाद्या साध्या दिवशी. त्यामुळे साडीगार्डसह बसणारा किंवा त्याच्या जागी बसूनही चाक तितकेच झाकणारा स्टे (बॅगेला आधार देऊन चाकापासून दूर धरणारी चौकट) मिळेपर्यंत थांबावे. मूळ ग्रॅबरेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी) काढून बसवावे लागणारे बॅकरेस्टही याच कारणासाठी टाळावेत, कारण बॅकरेस्ट उतरवल्यावर मागच्या माणसाला धरायला काहीच उरत नाही.

‘काढता येणारे’ हा शब्द दुकानात जरा सैलपणे वापरला जातो. सुटतात त्या बॅगा आणि पाठीची गादी. त्यांना धरणारे ब्रॅकेट व स्टे गाडीवर कायम राहतात आणि अनेकदा दोघांनाही तेच बोल्ट हवे असतात. एकावर एक दोन पट्ट्या आल्या की मूळ बोल्ट आखूड पडतो, आटे पुरेसे धरत नाहीत आणि घाटातल्या हादऱ्यांनी नट सैल होत जातो. म्हणून दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वेळी न घेता एकदमच जुळवून पाहाव्यात, आणि लांब बोल्ट लागल्यास तो त्याच मापाच्या आट्यांचा व मूळ बोल्टइतकाच मजबूत असावा.

उजवीकडे सायलेन्सर आहे. रिकामी बॅग त्यापासून दूर दिसते, पण भरल्यावर ती लोंबते. त्यामुळे अंतर तपासताना बॅगा भरून, पत्नीला मागे बसवून आणि गाडी स्टँडवरून उतरवूनच पाहावे. मागचे इंडिकेटर व नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. जड सामान तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे. बॅकरेस्टला मात्र सामान बांधू नये, कारण मागच्या आसाच्याही मागे पडणारे ओझे पुढचे चाक हलके करते.

पत्नी एका बाजूला पाय सोडून बसत असतील, तर बॅकरेस्टचा त्यांना उपयोग नाही आणि डावी बॅग पायांच्याच जागेत येईल. (ही गोष्ट दुकानदार सहसा विचारत नाहीत.) अशा वेळी फक्त उजवी बॅग लावून तोल बिघडवण्यापेक्षा सामान कमी केलेले बरे.

हे सर्व प्रवासाच्या आदल्या दिवशी बसवू नये. दोन आठवडे आधी बसवून, भरलेल्या बॅगांसह यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत एक फेरी मारावी आणि परतल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून घ्यावा.