वाचकांचे प्रश्न : देवळाच्या घडणीची सागवानी खुर्ची

प्रश्न : आम्ही घरासाठी सागवान आणि वेताची एक खुर्ची हाताने घडवून घेत आहोत. तिची घडण मंदिरासारखी असावी, अशी इच्छा आहे. सुतारांनी दोन नमुने काढून दिले आहेत. एकात पाठीवर शिखर आणि कळस कोरलेला आहे; दुसऱ्यात कोरीवकाम जवळजवळ नाही, केवळ पाय देवळाच्या खांबांसारखे आहेत आणि पाठ वेताने विणलेली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना देवळाच्या आकारावर बसणे प्रशस्त वाटत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : वडीलधाऱ्यांची शंका मला योग्य वाटते आणि तिचे उत्तर देवळातच सापडते. खुल्या मंडपाच्या कडेने जी बैठी भिंत असते, तिच्यावर बसण्यासाठी रुंद दगडी पट्ट असतो, त्याला आसनपट्ट म्हणतात. आणि त्या पट्टाच्या बाहेरच्या अंगाला, बसणाऱ्याला टेकता यावे म्हणून, बाहेरच्या बाजूला कललेली दगडी पाठ असते, तिला कक्षासन म्हणतात. खजुराहोच्या कंदारिया महादेव मंदिराच्या सज्जांत ही रचना स्पष्ट दिसते. म्हणजे माणसाने टेकून बसावे, यासाठी मंदिर घडवणाऱ्यांनी स्वतःच जागा केली होती आणि तिला नावही दिले होते. आपल्या खुर्चीने मंदिराकडून काही घ्यायचेच असेल, तर ते या आसनाकडून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कक्षासनाचा कल खुर्चीच्या पाठीला दिला आणि बैठकीशी तिचा कोन 100 ते 110 अंशांच्या दरम्यान ठेवला, तर आकार मंदिराचा राहतो आणि पाठीलाही आराम मिळतो.

शिखराची गोष्ट वेगळी आहे. शिखर गर्भगृहावर उभे असते आणि कळस हा त्याचा सर्वांत उंच बिंदू असतो. त्यांना बसणाऱ्याच्या पाठीमागे आणले की त्यांची जागाच चुकते. शिवाय शिखराचे सौंदर्य ज्या मापावर अवलंबून असते, ते खुर्चीत उतरत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे भूमिज शिखर पाहावे : लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने एकावर एक चढत जातात, आणि उन्हाची दिशा बदलेल तशा त्यांच्या सावल्या सरकतात. तेच काम हातभर रुंदीच्या लाकडी पाठीवर कोरले, तर सावलीच्या जागी केवळ बारीक उंचवटे उरतात, ते टेकणाऱ्याला टोचतात आणि त्यांच्या खाचांत धूळ बसते. म्हणून दुसरा नमुना निवडावा. देवतेची मूर्ती किंवा पूज्य चिन्ह बैठकीच्या पातळीवर नको, हेही त्यातून आपोआप साधते.

आता खांबांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खुर्चीचा जीव तिच्या पायांत असतो. मंदिराचा खांब बहुधा तळाशी चौरस असतो, वर अष्टकोनी होतो, कुठे सोळाकोनी होतो आणि मग वर्तुळाकार होतो. दगडात हा क्रम शोभेचा वाटतो. पण लाकडात त्याला सुतारकामाचे भक्कम कारण मिळते. जिथे पाय बैठकीच्या चौकटीला मिळतो, तिथे तो चौरसच हवा, कारण खाच पाडून तीत दुसऱ्या लाकडाचे कुसू (टोकाला घडवलेली जीभ) बसवायचे तर सपाट बाजू लागते. मधल्या भागाला अष्टकोन द्यावा, आणि जिथे हात किंवा पोटरी लागते, तिथे तो गोल करावा. असा पाय पाहिला की मंदिराची आठवण होते, आणि तरीही त्यात निव्वळ शोभेसाठी ठेवलेली एकही कड नसते. चौकटीच्या खालच्या कडेला मंदिराच्या पीठासारखे (जोत्यासारखे) एक-दोन थर, म्हणजे एक फुगीर आणि त्याच्याखाली एक खोल खाच, पुरेसे आहेत. सावलीची एक रेघ उमटली की काम झाले.

वेताची वीण तर या कल्पनेला फारच जवळची आहे. मंदिराच्या भिंतीतील दगडी जाळीतून उजेड आणि वारा आत येतो, पण बाहेरची नजर अडते. वेताच्या पाठीतून हेच घडते. पारंपरिक विणीत पट्ट्या उभ्या, आडव्या आणि दोन्ही तिरक्या दिशांनी गुंफतात, आणि त्यांच्यामध्ये जी छिद्रे तयार होतात ती अष्टकोनी असतात. पायाच्या अष्टकोनाशी पाठीतील अष्टकोनांचा असा मेळ बसत असल्यामुळे निराळ्या कोरीवकामाची उणीव भासत नाही.

प्रश्न : वेताची बैठक काही वर्षांत सैल पडते, असे ऐकतो. हाताची वीण घ्यावी की तयार विणलेली चादर खोबणीत बसवावी?

उत्तर : हाताने घडवलेल्या खुर्चीला हाताचीच वीण शोभते आणि तीच जास्त टिकते. तीत चौकटीला साधारण 12 मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडून प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे ताणलेली असते. एखादी तुटली, तर त्या भागाची दुरुस्ती होऊ शकते. तयार चादर खोबणीत पाचर ठोकून बसवतात. ती लवकर होते, पण फाटली की पूर्ण बदलावी लागते. विणण्याआधी वेत पाण्यात भिजवतात, म्हणजे तो वाकतो, आणि वाळताना आखडून वीण घट्ट होते. हा ताण चौकटीच्या चारही बाजूंना आत ओढत असतो. म्हणून कोपऱ्यांचे सांधे नुसत्या खिळ्यांवर किंवा स्क्रूवर सोडू नयेत.

सैल पडलेली बैठक पुष्कळदा पुन्हा ताणता येते. वेताची वरची बाजू चकचकीत असते आणि पाणी फारसे शोषत नाही. खालची बाजू शोषते. म्हणून खुर्ची उलटी करून खालून ओले फडके फिरवावे, वेत चांगला ओला होऊ द्यावा आणि सावलीत रात्रभर वाळू द्यावा. खालची बाजू जाड वार्निशने बंद केली, तर हा उपाय निष्फळ होतो, म्हणून ती मोकळी ठेवण्यास सुतारांना आधीच सांगावे. बैठकीवर उभे राहणे किंवा एकाच जागी गुडघा टेकवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

प्रश्न : सागवान खरे आणि चांगले आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : पॉलिश चढण्याआधी एकदा सुतारांकडे जाऊन लाकूड पाहावे. गाभ्याचे सागवान सोनेरी तपकिरी असते, हाताला किंचित तेलकट लागते आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. कडेचे पांढरट लाकूड पायात आणि सांध्यांत येऊ देऊ नये, कारण कीड आधी तिथेच लागते. फळीच्या पृष्ठभागावरील रेषा कापलेल्या टोकाशी जुळतात का, हेही पाहावे. जुळत नसतील, तर वर पातळ पापुद्रा चिकटवला असण्याची शक्यता असते. लाकडातील या तेलामुळे सरस कधी कधी नीट धरत नाही, म्हणून सांध्याच्या जागा रंधून लगेच जोडाव्यात. सागवानात सिलिकाही (वाळूत असते तेच कठीण द्रव्य) असते आणि त्याने पटाशीची धार लवकर जाते. त्यामुळे अष्टकोनी पाय हाताने काढणारे सुतार जास्त दिवस मागत असतील, तर ते द्यावेत.