शेवाळाला फुलोरा कुठला?

'किनाऱ्यालगत हिरव्या शेवाळाचा फुलोरा' ही शब्दयोजना बरोबर का, आणि हा प्रकार दरवर्षी त्याच ठिकाणी का होतो, अशी विचारणा आहे.

बरोबर नाही. शेवाळाला फूल नसतं; इंग्रजी 'ब्लूम' शब्दाची ही आंधळी नक्कल. काही जण 'जलपर्णी' लिहितात, ते तर त्याहून वाईट! जलपर्णी गोड्या पाण्यातली, फुलं येणारी वनस्पती.

गंमत आहे ती 'शेवाळ' शब्दात. संस्कृत व्याकरणातली उणादिसूत्रं तो 'शी' म्हणजे निजणे या धातूपासून साधतात, आणि पाण्यावर पहुडतं ते शेवाळ, असं आपण मुकाट मान्य करतो. मला हे ओढूनताणून जुळवलेलं वाटतं. ऋग्वेदात (१०.६८.५) 'शीपाल' आहे. बृहस्पतीने आकाशातला अंधार उजेडाने कसा हाकलला? वारा पाण्यावरचं शीपाल हाकलतो तसा. कपाटाचं कवाड, फलाचं फळ, तसं शीपालाचं शेवाळ. 'ई'चा 'ए' अडतो खरा, पण 'शेवाल' हे रूप संस्कृतातच आहे. वैयाकरणांना ते निजलेलं दिसलं, ऋषीला वाऱ्यावर पळणारं!

आणि समुद्रात नेमकं तेच होतं. २००८ साली ऑलिंपिकच्या नौकाशर्यतींच्या तोंडावर चीनच्या चिंगदाओ किनाऱ्यावर उल्वा प्रोलिफेरा हे हिरवं शेवाळ इतकं साचलं, की दहा लाख टनांहून जास्त उपसावं लागलं. ते तिथलं नव्हतंच. दक्षिणेला च्यांगसू प्रांताच्या उथळ पाण्यात दोर-बांबूंवर नोरीची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची, शेती होते. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये ते दोर-बांबू खरवडतात आणि त्यांना चिकटलेलं उल्वा पाण्यात पडतं. त्याच्या पोकळ नळ्यांत वायू भरलेला, म्हणून ते तरंगतं. दक्षिणेचा वारा आणि प्रवाह ते उत्तरेला ढकलतात. खतं आणि सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजनवर वाटेत ते झपाट्याने वाढतं आणि जून-जुलैत किनारा गाठतं. तिथे कुजलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. वरून वाळलेल्या, आतून सडलेल्या ढिगावर पाय देणं धोक्याचं.

पुन्हा येतं, कारण सूक्ष्म बीजाणू गाळात हिवाळा काढतात आणि पाणी तापू लागलं की नव्या दोरांवर रुजतात. म्हणून खरवड समुद्रात न सोडता जमिनीवर आणायला हवी. नुसता किनारा झाडून भागत नाही.

'बहर' मात्र मी चालवून घेईन. फारसीत बहार म्हणजे वसंत, आणि हे शेवाळ सुटतं वसंतातच.