सिमग्रिडमध्ये लॅबच्या 16 मशीनची प्लॅटफॉर्म फाइल कशी लिहायची? खरी वेळ आणि सिम्युलेशनची वेळ जुळतच नाहीये

खऱ्या लॅबमध्ये 1 जीबीची फाइल साडेआठ सेकंदांत जाते आणि सिमग्रिड, म्हणजे मशीन आणि नेटवर्कची नक्कल करून वेळ सांगणारा सिम्युलेटर, म्हणतो एक सेकंद, असं तुम्ही लिहिलंय. तुमची प्लॅटफॉर्म फाइल, म्हणजे सिमग्रिडला दिलेलं मशीन आणि तारांचं वर्णन, न बघता सांगतो, बँडविड्थच्या, म्हणजे तारेच्या वेगाच्या, युनिटमध्ये कॅपिटल बी पडलाय. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाइट, आणि 1 गिगाबिटची लिंक म्हणजे सेकंदाला 125 मेगाबाइट. आठपटीचा घोळ आहे. तेवढंच हवं असेल तर इथेच थांबा, पुढे माझं रडगाणं आहे.

आपल्या देवनागरीत बी ला ना लहान ना मोठा. त्यामुळे आम्ही सगळे तोंडाने 'एक जीबीपीएस' म्हणायचो आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा बी असायचा. बीईचा फायनल इयर प्रोजेक्ट, मुंबईतलंच एक कॉलेज, तुमच्यासारखीच 16 मशीन आणि एक स्विच. काम होतं टास्क शेड्युलिंगचं, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशीनवर टाकलं की लवकर संपेल. मी आणि माझा पार्टनर. पार्टनरने पहिल्याच आठवड्यात सीनियरच्या पेनड्राइव्हमधून एक तयार प्लॅटफॉर्म फाइल आणली आणि म्हणाला, झालं काम, आता नुसते ग्राफ काढायचे. मी म्हटलं अरे, आपली लॅब आपण मोजू तरी. तो म्हणाला, मोजून काय करणार, स्विचवर लिहिलंय ना गिगाबिट.

यावरून आमचं जे वाजलं ते आजतागायत वाजतंय.

मी मोजायला बसलो. रोज साडेपाचला प्रॅक्टिकल संपलं की सहाला लॅबवाले काका कुलूप घेऊन दारात उभे, आणि मी 'काका, दोनच मशीन राहिलीत' करत एकेका मशीनवर आयपर्फ, म्हणजे नेटवर्कचा खरा वेग मोजणारं टूल, चालवतोय. पंधरा मशीन 940 मेगाबिटच्या आसपास आली, 11 नंबरचं मात्र 94. तीनदा चालवलं, तीनदा 94. शेवटी टेबलाखाली वाकून बघितलं तर केबल खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन चपटी झालेली. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच, उरलेल्या दोनपैकी एक गेली की कार्ड आणि स्विच आपापसात गुपचूप 100 वर तडजोड करतात, नेट चालू राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. स्विचवर त्या पोर्टचा दिवा बाकीच्यांसारखा हिरवा नव्हता, केशरी होता, आणि आम्ही सहा महिने त्याच्याकडे बघत बसलो होतो. लॅमिंग्टन रोडवरून नवी कॉर्ड आणली, लावली, 940.

तर ती मोजमापं घालून मी माझी फाइल केली, आणि ग्राफ वाईट आले. आठ मशीनपर्यंत वेग वाढायचा, मग रेषा आडवी. पार्टनरच्या फाइलने ग्राफ कसा, सरळ वर. अर्थातच, त्याचं नेटवर्क आठपट फास्ट होतं. पण तेव्हा ते कुणाला माहीत? रिपोर्टची तारीख दोन दिवसांवर, गाइडना सरळ रेषा आवडली, पार्टनर म्हणाला तुझ्या फाइलने प्रोजेक्ट बुडेल, आणि रिपोर्टात त्याची फाइल गेली. मी गप्प बसलो, याचा राग मला त्याच्याहून माझा जास्त येतो.

व्हायवाला एक्स्टर्नलनी टेबल बघितलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "बाळा, 1 जीबी एका सेकंदात? लॅबमध्ये करून दाखवतोस?" पार्टनर म्हणाला, "सर, सिम्युलेटर आयडियल असतो." हे असलं उत्तर कधीही, कुणालाही देऊ नका. सिमग्रिडमध्ये आयडियल काही नसतं, तुम्ही जो आकडा देता त्याच्यावर तो स्वतःचा हिशोब लावतो, आणि तो हिशोब माहीत नसेल तर फाइल लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तो हिशोब असा. सिमग्रिडचं नेहमीचं जे एलव्ही08 नावाचं नेटवर्क मॉडेल आहे ते बँडविड्थला 0.97 ने आणि लेटन्सीला, म्हणजे डेटा पोचायला लागणाऱ्या उशिराला, 13.01 ने गुणतं. 3 टक्के हेडर, म्हणजे प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, वगैरेत जातात म्हणून, आणि 13.01 हे टीसीपीला, म्हणजे डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीला, सुरुवातीला वेग घ्यायला जो वेळ लागतो त्यापोटी. म्हणून फाइलमध्ये 125 मेगाबाइट, म्हणजे तारेवरचा आकडा लिहायचा, आयपर्फचा 117 नाही, कारण आयपर्फने हेडर आधीच वजा केलेत आणि सिमग्रिड परत कापणार. 125 लिहिलं की 1 जीबीला सव्वाआठ सेकंद येतात. लिंक साधी शेअर्ड ठेवली तर पावणेनऊच्या जवळ, कारण उलट दिशेने येणारे एसीके, म्हणजे 'डेटा मिळाला' अशा पोचपावत्या, त्याच लिंकचे 5 टक्के खातात. दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा, चढणारे उतरणारे एकाच जिन्यावर, ती शेअर्ड. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, ती स्प्लिट-डुप्लेक्स, आणि स्विचची केबल अशी असते. फॅटपाइप म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा अख्खा जिना, गर्दी नावाची गोष्टच नाही. ती लॅबच्या केबलला लावू नका, दादरला असा जिना मिळत नाही तसा तुमच्या लॅबलाही नाही.

16 मशीनसाठी फुल राउटिंग, म्हणजे प्रत्येक जोडीचा रस्ता, हाताने लिहू नका, 120 जोड्या होतात आणि एक तरी चुकणारच. क्लस्टर टॅग वापरा, रॅडिकलमध्ये, म्हणजे मशीनच्या नंबरांच्या जागी, 0-15, लिंक आपोआप स्प्लिट-डुप्लेक्स येतात. मशीनचा स्पीड मात्र प्रोसेसरच्या खोक्यावरून घेऊ नका, स्वतःचा प्रोग्राम एका मशीनवर चालवा आणि सेकंदाला किती फ्लॉप, म्हणजे दशांशातली गणितं, होतात ते काढा.

आता जे आधी सांगायला हवं होतं. माझीही फाइल बरोबर नव्हती. मी पिंगचे 0.2 मिलिसेकंद उचलून जसेच्या तसे लेटन्सीत टाकले. पिंग जाऊन-येऊन असतो, फाइलला एकेरी हवा, आणि क्लस्टरमध्ये रस्त्यात दोन लिंक लागतात, म्हणजे एका लिंकला 50 मायक्रोसेकंद हवे होते तिथे मी 200 दिले. चौपट, वर 13.01. बारीक मेसेज जिथे 1.3 मिलिसेकंदात जायचे तिथे 5.2 लागायला लागले. माझा ग्राफ जो आडवा पडला त्यातला काही भाग लॅबमुळे नव्हता, माझ्यामुळे होता. पार्टनरच्या फाइलमध्ये 50 होते. त्याला का ते माहीत नव्हतं, पण होते.

आणि ती सीनियरची मूळ फाइल मला पुढे वर्षभराने मिळाली. जुन्या पद्धतीची, झोनच्या जागी एएस, स्पीडच्या जागी पॉवर, आकड्यांना युनिटच नाही. बँडविड्थला 1.25ई8, म्हणजे साडेबारा कोटी बाइट, म्हणजे बरोब्बर 125 मेगाबाइट! सीनियरचं शंभर टक्के बरोबर होतं. नवीन व्हर्जनला युनिट लागतं म्हणून पार्टनरला तो आकडा विचित्र वाटला, आणि त्याने 'सुधारून' 1 जीबीपीएस केला, कॅपिटल बी. सिमग्रिडबरोबर जुन्या फाइली बदलायचं सिमग्रिड-अपडेट-एक्सएमएल नावाचं टूल येतं, टॅगसाठी ते चालवून आकड्यापुढे नुसतं कॅपिटल बीचं बीपीएस लावलं असतं तर माझे मार्क वाचले असते. तेव्हा 'दुसऱ्याची फाइल घेऊ नका' हे जे मी सगळ्यांना ऐकवत असतो ते तितकंसं खरं नाही. घ्या, पण आकडे हाताने सुधारू नका.

हे सगळं एका खोलीतल्या नेटवर्कचं झालं. लांबची लिंक घालणार असाल, एकेरी 50 मिलिसेकंदवाली, तर टीसीपी-गॅमा नावाचं सेटिंग बघा, ते मुळात 4194304 बाइट असतं. तेवढ्या लेटन्सीला एक फ्लो, म्हणजे एका मशीनकडून दुसऱ्याकडे चाललेली एक पाठवणी, सेकंदाला 42 मेगाबाइटच्या वर जात नाही, फाइलमध्ये 10 गिगाबिट लिहा की 100.

आणि फाइल दुरुस्त करण्याआधी एकदा सोळाही मशीनवर आयपर्फ चालवाच. एखादं 94 दाखवत असेल तर क्लस्टर टॅग सगळ्यांना एकच बँडविड्थ देतो, त्या एकासाठी अख्खी फाइल हाताने मांडायला लागेल. नाहीतर कॉर्ड बदला, ते स्वस्त पडतं.